जबडा, एक नग

कवळीवाल्यांच्या मागच्या खोलीत तीनशे अकरा जबडे होते आणि रविवारी सकाळी दहाच्या आत ते नाहीसे व्हायला हवे होते. नाही झाले, तर ती खोली बंद होणार होती.

जबडे प्लास्टरचे होते, हे आधीच सांगून टाकतो. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ मसाला दाबून ठसा घेतो. त्या ठशात प्लास्टर ओतलं की पांढराशुभ्र जबडा निघतो, कुठे दोन-चार दात असलेला, कुठे पार बोळका. त्या जबड्यावर कवळी घडवायची. कवळी पेशंटच्या तोंडात जाते, पेशंट चारचौघांत हसायला लागतो, आणि जबडा घडवणाऱ्याच्या फळीवर धूळ खात बसतो. कवळी कशी करायची हे शिकवणारे पुष्कळ आहेत. जबड्याचं पुढे काय करायचं हे कुणी शिकवत नाही. जगातल्या सगळ्याच उद्योगांचं असं आहे. माल कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक असतं, घाण कुठे जाते ते विचारलं की लोक घड्याळ बघतात.

आपण त्यांना कवळीवाले म्हणू. इमारतीत मात्र त्यांना कुणी तसं म्हणत नसे आणि म्हणू नये म्हणूनच ही सगळी तंगडतोड झाली. इमारतीच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'दवाखान्यात नोकरी' असं लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते खरंही होतं. मग डॉक्टरांना दवाखान्यातली ती खोली दुसऱ्या यंत्रासाठी हवी झाली आणि ते म्हणाले, "तुम्ही घरूनच करा ना, तेवढंच तुम्हाला निवांत." निवांत कसला? तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, हातभर लांब पाटी होती: 'ही इमारत केवळ राहण्यासाठी आहे. घरात धंदा आढळल्यास आठ दिवसांत बंद करण्यात येईल.' खाली सेक्रेटरींची सही. दोन वर्षं कवळीवाले त्या पाटीसमोरून मान खाली घालून जात होते. वय अठ्ठावन्न. हातांना मेण, प्लास्टर आणि दात यांपलीकडे काही येत नव्हतं. खोली गेली की हात गेले, एवढा सरळ हिशोब होता.

सेक्रेटरी म्हणजे शिस्तीचा माणूस. ओठ झाकून हनुवटीकडे निघालेल्या मिशा, आणि त्या मिशांतून येणारा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. ते हसत नसत. नवीन भाडेकरू आला की त्याला उभं करून सांगत, "सत्तरी उलटली. बत्तीसच्या बत्तीस स्वतःचे. कशामुळे? शिस्त." कवळीवाल्यांना सगळ्या जगाची तोंडं निरखायची सवय, रस्त्यात कुणी जांभई दिली तरी ते थांबून बघत. पण सेक्रेटरींसमोर त्यांची नजर स्वतःच्या चपलांच्या वर कधी गेली नाही.

पूर्वी सोपं होतं. कोपऱ्यावर कचऱ्याची मोठी लोखंडी कुंडी होती. महिन्याकाठी एक पिशवी नेऊन टाकायची आणि मागे न बघता यायचं. आठ महिन्यांपूर्वी कुंडी उचलली. आता प्रत्येक दाराबाहेर दोन डबे, ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा, दोन्हींवर घराचा नंबर. सकाळी आठला कचरेवाली मावशी येणार, प्रत्येक डबा उपडा करून हाताने बघणार आणि मग गाडीत घालणार. नंबर घातलेल्या डब्यात जबडा टाकणं म्हणजे कबुलीजबाबच. म्हणून जबडे साठत गेले. फळ्या भरल्या, पलंगाखाली गेले, शेवटी दोन पोत्यांत.

आणि सोमवारी नोटीस लागली. रविवारी सकाळी दहा वाजता समिती घरोघर येऊन 'कचरा कोणत्या खोलीत व कसा तयार होतो' याची पाहणी करणार होती.

नोटीस वाचून कवळीवाले वर आले ते पाणीही न पिता पलंगावर बसले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"येणार आहेत. खोल्या बघणार आहेत."

"मग त्या खोलीला कुलूप लावू. किल्ली हरवली म्हणू."

"कुलूप बघितलं की सेक्रेटरी कुलूपवाल्याला घेऊन येतील. तू ओळखत नाहीस त्यांना."

"ओळखते की. तुम्ही त्यांना जेवढं घाबरता तेवढं माझ्या वडलांना घाबरला असतात तर संसार बरा झाला असता."

गुपित एकाच माणसाला ठाऊक होतं, शेजारच्या दारातल्या मास्तरांना. घासयंत्राचा आवाज त्यांच्या भिंतीतून जायचा, त्यामुळे सांगावंच लागलं होतं. मास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांचं शिकवणं त्यांच्या पोटात तुंबलं होतं. सल्ला मागायची खोटी, की वहीच उघडायचे.

"मूळ प्रश्न असा," मास्तर म्हणाले, "की हा ओला कचरा की सुका?"

"सुकाच. दगडासारखा."

"सुका म्हणून सापडतो. ओला केलात तर? प्लास्टर पाण्यातूनच जन्मलं ना? मग पाण्यात विरघळेल. जिथून आलं तिथे गेलं. शास्त्र आहे हे."

मास्तर आयुष्यभर इतिहास शिकवत होते, हे कवळीवाल्यांना नंतर आठवलं. मंगळवारी त्यांनी दोन बादल्या भरून जबडे भिजत घातले. दर तासाला जाऊन बघत. जबडे स्वच्छ झाले. आठ महिन्यांची धूळ गेली आणि बादलीच्या तळातून ते असे लख्ख दात दाखवू लागले, की बायकोने न्हाणीघरात जायचंच बंद केलं.

बुधवारी कवळीवाल्यांनी सरळ मार्ग धरायचं ठरवलं. त्यांना अजूनही वाटत होतं की सरळ मार्ग असतो. नगरपालिकेच्या घनकचरा खात्यात जायचं, स्वतःचं नाव न सांगता नुसती चौकशी करायची. नमुना म्हणून एक जबडा बरोबर घ्यायचा. आणि इथे त्यांच्यातल्या कारागिराने घात केला. दुसरा कुणी हाताला लागेल तो जबडा उचलून निघाला असता. कवळीवाले अर्धा तास निवडत बसले. सरकारी टेबलावर जाणार, बरा दिसायला हवा. शेवटी त्यांनी फळीवरचा एकशे चौदा उचलला.

एकशे चौदा म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम. डॉक्टर पेशंटचं नाव कळवत नसत, फक्त नंबर. या नंबराबरोबर चिठ्ठी होती: 'कुणालाही कळता कामा नये.' वरचा जबडा पार बोळका, टाळूच्या मधोमध वाटाण्याएवढा उंचवटा. कवळीवाल्यांनी तीन आठवडे घालवले होते. पुढचे दोन दात त्यांनी मुद्दाम किंचित एकमेकांवर चढवले, डाव्या सुळ्याला चहाची पिवळट छटा दिली. देवाने केले असते तर इतके खरे वाटले नसते. तो पेशंट कुठेतरी छातीठोकपणे हसत असेल, या विचारावर कवळीवाल्यांनी वाईट दिवस काढले होते.

खात्यात तीन टेबलं होती. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी जबडा पाहून खुर्ची मागे सरकवली. "दाताचं आहे, म्हणजे दवाखान्याचा कचरा. पिवळी पिशवी लागेल. दवाखान्याचा दाखला?" नव्हता. दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "प्लास्टर आहे, म्हणजे बांधकामाचा राडारोडा. गाडी पाठवू. कमीत कमी एक ट्रक भरला पाहिजे." कवळीवाल्यांनी मनात गणित केलं. एक ट्रक जबडे व्हायला त्यांना पुढचे दोन जन्म लागले असते. तिसऱ्या टेबलावरचा कारकून डबा उघडून जेवत होता. त्याने न बघताच विचारलं, "घरगुती का धंद्याचा?"

कवळीवाल्यांनी जबड्यावर हात ठेवला. "म्हणजे... फरक काय पडतो?"

"धंद्याचा असेल तर परवाना दाखवा. घरगुती असेल तर इतके जबडे घरात कुणाचे, ते लिहून द्या. कुठली इमारत तुमची?"

कारकुनाच्या आवाजात अशी जरब होती की कवळीवाल्यांनी इमारतीचं नाव सांगून टाकलं. कारकुनाने ते लिहूनही घेतलं. "आता तुमचं नाव सांगा. प्रत सेक्रेटरींना जाते."

पुढचं कवळीवाल्यांना नीट आठवत नाही. जिना उतरलेला आठवतो, रस्ता ओलांडलेला आठवतो, आणि मागून आलेला आवाज, "अहो, तुमचा जबडा राहिला." ते थांबले नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस इतका पळू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. दोन चौक मागे टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण नमुना नाही, पुरावा ठेवून आलो.

घरी येऊन त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "पाण्यात विरघळत नाही कारण तुकडे मोठे आहेत. कुटा."

गुरुवारी दिवसभर कुटलं. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली तेव्हा बायकोने दारात उभं राहून सांगितलं, "मसाला करतोय." संध्याकाळपर्यंत तो मसाला न्हाणीघराच्या मोरीतून बादलीबादलीने सोडला. शंभर एक जबडे गेले. कवळीवाले चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

शुक्रवारी सकाळी तळमजल्यावरच्या मोऱ्यांतून पाणी वर आलं. ओल्या भुकटीने नळाच्या वळणात बसून, तुकडे धरून, असा बांध घातला होता की इंजिनियरला जमला नसता. प्लंबर आला. त्याने लांब तार आत घातली, ओढली, आणि हातात आलेली वस्तू पँटला पुसून उन्हात धरली.

"दाढ आहे," तो म्हणाला. "चांगली घासलेली दिसते."

मग त्याने वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक तुकडा मांडायला सुरुवात केली. सगळी इमारत भोवती जमली. कवळीवाले मागे उभे होते, कारण न येणं संशयास्पद दिसलं असतं. पहिल्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, "वरची भाडेकरीण आठ दिवस दिसली नाही, बरं का." त्यावर मागून भाडेकरीण म्हणाली, "मी इथेच आहे काकू, मुलीकडे गेले होते." पण तोवर दोघी-तिघी आपापल्या घरची माणसं मोजून आल्या होत्या.

प्लंबरने एक तुकडा नखाने खरवडला. "हाड नाही. प्लास्टर आहे."

लोकांनी सुस्कारा टाकला. कवळीवाल्यांचा श्वास अडकला. हाड असतं तर संशय वीस घरांवर वाटला गेला असता. प्लास्टर म्हणजे त्यांचं एकट्याचं.

सेक्रेटरींनी मिशांवरून हात फिरवला. "म्हणजे या इमारतीत कारखाना आहे. माझ्या पाटीच्या नाकावर टिच्चून. रविवारी पाहणी नाही, सभा. प्रत्येकाने हजर राहायचं. माणूस सापडला नाही तर सोमवारी पोलीस."

पोलीस शब्द ऐकून कवळीवाल्यांनी तडक घर गाठलं. घरी दोनशे जबडे उरले होते. भीतीने माणसाचं डोकं चालेनासं होतं असं म्हणतात, ते खोटं आहे. डोकं फार चालतं, फक्त नको त्या दिशेला. शनिवारी सकाळी, आठ वाजायच्या आधी, कवळीवाल्यांनी अठरा जबडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि अठरा शेजाऱ्यांच्या निळ्या डब्यांत एकेक सोडला. स्वतःचा डबा वगळला. सेक्रेटरींचाही, कारण हातच पुढे झाला नाही.

साडेनऊला दार वाजलं. मावशी उभी होती. पाठीवर पोतं, उजव्या हाताच्या बोटाला चिंधी.

"अठरा आहेत," तिने पोतं उंबऱ्यात ठेवलं. "मोजून घ्या."

"काय ते? मला काय माहीत..."

"काका, या इमारतीत पेपरातलं शब्दकोडं हिरव्या शाईने एकच माणूस सोडवतो. आणि तुमचा न् सेक्रेटरींचा डबा सोडून सगळ्यांत एकेक आहे. सेक्रेटरी असलं करायचे नाहीत. मग कोण उरलं?"

कवळीवाल्यांनी भिंत धरली. "बोटाला काय झालं?"

"एका तोंडात तार होती. घुसली." तिने चिंधी आवळली. "पहिला उघडला तेव्हा माणसाचं वाटलं. पायरीवर बसून राहिले मी. पाय गारठले. कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, तुझ्या गाडीत सापडलं, तू सांग कुणाचं."

पाच दिवस कवळीवाले सेक्रेटरींना, कारकुनाला, पोलिसांना घाबरले होते. आपल्याला घाबरून कुणीतरी पायरीवर बसेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. जबड्यांची तार आधी कापून टाकायची असते, हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत होतं. फक्त डब्यापलीकडे हात असतो हे माहीत नव्हतं. आणि ते एकटेच नव्हते. त्या इमारतीत फुटलेले ग्लास, ब्लेडं, सुया, सगळं असंच बिनधास्त डब्यात जात होतं. झाकण लावलं की काम संपलं. सुशिक्षित लोक.

"आत ये. औषध लावतो," ते म्हणाले.

मावशी मागच्या खोलीत आली. फळ्या, पोती, बर्नर, घासयंत्र, सगळं तिने एका नजरेत पाहिलं. मग तोंडावर हात ठेवून हसली. ती नेहमी हात ठेवूनच हसायची.

"एवढ्यासाठी पळापळ? मला विचारायचं ना. मळ्याकडच्या रस्त्यावर भराव टाकणारा मुकादम आहे, प्लास्टर पोत्याने मागतो. मीच नेऊन देते लोकांचं."

"कुणी सांगितलंच नाही."

"कुणी विचारलं?"

रविवारी दहाला तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत सभा भरली. समोर टेबल, टेबलामागे सेक्रेटरी. बाजूला मावशी उभी, कारण कचऱ्याचा विषय म्हणून तिलाही बोलावलं होतं. खुर्ची मात्र दिली नव्हती. कवळीवाले मास्तरांच्या आड बसले होते. सकाळी त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं की खोली गेली तर आपण तिच्या भावाच्या गावी जाऊ. बायको म्हणाली होती, "तो तुम्हाला बघून दुसरीकडे जाईल."

सेक्रेटरींनी एक लिफाफा उघडला. "नगरपालिकेतून काल आलंय. ऐका. 'आपल्या इमारतीतील एक अनोळखी इसम खालील वस्तू टाकून पळून गेला. तरी मालकाचा शोध घेऊन वर्गीकरण कळवावे. सोबत: जबडा, एक नग.'" आणि त्यांनी लिफाफ्याबरोबर आलेल्या खोक्यातून एकशे चौदा काढून उंच धरला.

कवळीवाल्यांनी मास्तरांच्या पाठीआड मान घातली.

"बघा सगळ्यांनी. हा बोळका जबडा. एकसुद्धा दात नाही. हा कुणी केला आणि हे असलं तोंड आहे तरी कुणाचं, ते आज मला कळलं पाहिजे." सेक्रेटरी संतापले होते. संतापात त्यांच्या मिशा वर गेल्या, ओठ मागे गेले, आणि त्या इमारतीत राहायला आल्यापासून पहिल्यांदा कवळीवाल्यांनी घाबरून चुकून वर पाहिलं.

पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. डावा सुळा चहाने पिवळटलेला.

ते काम त्यांनी अंधारातही ओळखलं असतं. सेक्रेटरी स्वतःचाच जबडा मुठीत धरून त्याच्या मालकाचा शोध घेत होते. कवळीवाल्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांची भीती दुप्पट झाली. बोलावं तर डॉक्टरांची चिठ्ठी डोळ्यांपुढे येत होती: कुणालाही कळता कामा नये. पंचवीस वर्षांत त्यांनी एका तोंडाची गोष्ट दुसऱ्या कानी घातली नव्हती. न बोलावं तर खोली गेली. त्यांनी मास्तरांच्या पाठीकडे पाहिलं. पाठीलाही सल्ला सुचत नव्हता.

"बोला," सेक्रेटरी ओरडले. "नाहीतर एकेकाचं घर उघडतो."

कवळीवाले उठले. "केला मी," ते म्हणाले. "माझ्या मागच्या खोलीत. मोरीही मीच तुंबवली. तोंड कुणाचं ते मात्र सांगणार नाही. खोली घ्या."

"सांगावंच लागेल."

"नाही सांगणार."

"का? कोण एवढा लागून गेलाय?"

तेव्हा मावशी एक पाऊल पुढे आली. "साहेब, ठेवा तो खाली."

"तू मधे बोलू नकोस."

"नाही बोलत. एवढंच म्हणते, आठ महिने रोज सकाळी तुमचाही डबा मीच उपडा करते. मला वाचता येत नाही," ती हळूच म्हणाली, "पण पाकिटावर चित्र असतं."

सेक्रेटरींनी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. टाळूच्या मधोमध वाटाण्याएवढा उंचवटा होता. त्यांची जीभ तोंडातल्या तोंडात वर गेलेली गालावरून दिसली. मग मिशा हळूहळू खाली आल्या आणि ओठ झाकून बसल्या.

कसलं पाकीट, ते कवळी धुवायच्या गोळ्या ठाऊक असलेल्या दोघांखेरीज सभेत कुणालाच कळलं नाही. पण वीस घरांतल्या प्रत्येकाला आपापलं पाकीट आठवलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर एकदम केसांवरून हात फिरवून बोटांना रंग लागलाय का ते बघू लागले. मागच्या रांगेत दोघांनी एकदम खोकला काढला. चारचौघांत उजळ माथ्याने वावरणारी सगळी माणसं त्या बाईच्या चिंधी बांधलेल्या हाताकडे बघत होती. आठवडाभर एकट्या कवळीवाल्यांकडे मुक्कामाला असलेली भीती उठून सभेत सगळ्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "मला वाटतं, वस्तू घरगुती दिसते," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "कोरडी. वेगळ्या पोत्यात. पाटी... पाटी जुनी झाली आहे, बघू. घरोघर पाहणीचीही गरज वाटत नाही. कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

"माझं आहे," मावशी म्हणाली. "काच, ब्लेड, तार, सुई कागदात बांधून वेगळी द्यायची. आणि सभा असली की खुर्ची."

सहा जण आपली खुर्ची द्यायला उठले.

दुसऱ्या दिवशी मुकादमाकडे पोती गेली. मावशीने नेली, खाली उतरवताना एक बाजू कवळीवाल्यांनी धरली होती. परत आल्यावर ती मागच्या खोलीत स्टुलावर बसली आणि तोंडावरचा हात खाली घेतला. वरचे पुढचे चार दात नव्हते. कवळीवाल्यांनी मसाला कालवला, ठसा घेतला, प्लास्टर ओतलं. तासाभराने जबडा निघाला. नंबर तीनशे बारा. मावशीने तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"दात झाले की हा मला द्या, काका. डब्यात टाकू नका."

"का गं?"

"टाकलात तर मलाच उचलावा लागेल."